बंदुकीच्या दस्त्यातला जोड

किसन,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं. विहारात कासारवाडीची निम्मी वस्ती आली होती, कंपनीतले लोक शिफ्ट बदलून घेऊन आले होते. माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, "किसन ओव्हाळ माझा भागीदार होता. एकोणीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं." मग माईक परत देऊन खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखामुळं बसलो. तेही होतंच. पण पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती, आणि जे बोलायला हवं होतं ते तिच्यादेखत बोलायचं धाडस मला झालं नाही.

ते आता तुला लिहितो आहे. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. तरी लिहितो.

आपली ओळख भांडणातून झाली. चीनशी लढाई सुरू झाली ते वर्ष. पिंपरीच्या कंपनीत ओव्हरटाइमचा मारा चालला होता. मी लेथवर, आणि तू नवा इन्स्पेक्टर, लष्कराच्या कारखान्यात रायफली दुरुस्त करणाऱ्या खात्यातून आलेला. पहिल्याच आठवड्यात तू माझे चाळीस बुश बाजूला काढलेस.

"भोक दोन थाउनं मोठं आहे," तू म्हणालास.

"दोन थाउ म्हणजे केसाएवढंसुद्धा नाही राव. कुणाला दिसणार?"

"मला दिसतंय. उद्या मशिनला दिसेल."

मी चिडून विचारलं, तू कुठला? तू गावाचं नाव सांगितलंस. ते माझंच गाव होतं, पुनावळ्याच्या पुढचं. तू गाव सोडलंस तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतास, म्हणून मी ओळखलं नाही. तू मात्र मला पहिल्या दिवसापासून ओळखत होतास, पाटलाचा दत्ता म्हणून. दुसऱ्या दिवशी कॅंटीनमध्ये तूच माझ्या टेबलाशी आलास. "चाळीस बुश परत केले, आता चहा तरी पाज," म्हणालास. मी पाजला. गावात असतो तर आपण एका टेबलाशी बसलो नसतो, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते काढलं नाही. आमच्या घरात तुझ्या आईवडलांना लहानसहान पोरंसुद्धा अरेतुरे करायची. मीही केलं आहे.

तुझ्या नजरेचं कौतुक कंपनीभर झालं. जुनं शिलाई मशीन घ्यायचं असो की वापरलेली स्कूटर, लोक तुला घेऊन जायचे. तू आधी रंग बघायचा नाहीस, स्क्रू बघायचास. "स्क्रूची खाच चेपलेली असली की समजायचं, इथं कुणीतरी हात घातलाय," असं म्हणायचास. आमच्या हेडक्लार्कनं मोठ्या हौसेनं विलायती घड्याळ आणलं होतं. तू ते मागून उघडून बघितलंस, बंद करून परत दिलंस आणि म्हणालास, "वेळ बरोबर दाखवतं, साहेब." बिचाऱ्याला दोन दिवसांनी अर्थ कळला, की विलायती फक्त वरची तबकडी होती. हसताना तुझे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. ते तू गेल्यापासून सारखं डोळ्यांपुढं येतं.

मग आपल्या दोघांच्या डोक्यात स्वतःच्या शेडचं खूळ शिरलं. चिंचवडला एका ओळखीच्या माणसाची शेड भाड्यानं मिळत होती. कंपन्यांना जॉबवर्क हवंच होतं. अडलं होतं लेथपाशी. तेव्हा मला माझ्या वडलांची, आबांची, बंदूक आठवली.

शिकारबंदी होऊन दोनेक वर्षं झाली होती. आबांच्या पायांत बळ उरलं नव्हतं. दरवर्षी परवान्यासाठी त्यांना कचेरीत हेलपाटे घालावे लागत. आबा स्वतःच म्हणाले, "आता हिला काय पुजायची हाय? जाऊ द्या." विलायतेत बनलेली, अक्रोडाच्या दस्त्याची रायफल. आबांच्या तरुणपणी एका गोऱ्या अंमलदारानं जाताना रीतसर त्यांच्या नावावर करून दिलेली. पुण्याच्या कॅम्पातला परवानेवाला दुकानदार म्हणाला, मुंबईचे एक शेठ अशा जुन्या शिकारी बंदुका जमवतात. सगळं मूळचं असेल तर मागाल ती किंमत देतील. त्यात त्या बंदुकीमागं बिबट्याची गोष्ट होती. आबांनी भर हाकाऱ्यात, अंगावर आलेला बिबट्या एका गोळीत पाडला, ही गोष्ट मी दुधाबरोबर प्यायलो होतो. गावातल्या शाळेत मास्तर ती पोरांना सांगायचे.

शेठ यायच्या आधी तू एकदा नजर टाकावीस, असं मीच म्हणालो. बंदूक परवान्यावरची, घराबाहेर कशी न्यायची? म्हणून रविवारी सकाळी तूच गावी आलास. पांढरा शर्ट, इस्त्रीची पॅंट, खिशात भिंग आणि मोजपट्टी. ओट्यावर आबा बसले होते. तुला बघून त्यांनी "ये" म्हटलं, आणि मग का कोण जाणे, "या" म्हटलं.

मी सतरंजीवर धुतलेलं धोतर अंथरलं. तू बंदूक हातात घेतलीस आणि सगळ्यात आधी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारी दांडी, मागं ओढून ती रिकामी आहे ना ते बघितलंस, बोट घालूनसुद्धा बघितलंस. मग बोल्ट काढून ठेवलास, नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरलास आणि पुढून उन्हाकडं तोंड करून आत बघितलंस.

"नळी छान आहे आबा. आतला पीळ अजून धारदार आहे. मागं जरा गंजाचे ठिपके आहेत, पण ते जुन्या काडतुसांनी पडतातच."

आबा खुलले. "रोज पुसायचो मी."

तू नळीखालच्या विलायती मोहरा भिंगातून वाचल्यास. नळीवरचा नंबर मला लिहून घ्यायला लावलास. खालच्या लोखंडी धडावरचा नंबर वाचलास, तो जुळला. मग बोल्ट उचललास. बराच वेळ भिंग हलवत राहिलास.

"हा वेगळा आहे," तू म्हणालास. "शेवटचे तीन आकडे जुळत नाहीत. यावर मोहरही नाही. हा बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा आहे."

मी म्हणालो, "असेल. त्यानं एवढं काय बिघडतं?"

"जमवणाऱ्याचं खूप बिघडतं."

तू आता दस्त्याकडं वळलास. मुठीत धरायची जागा, दस्त्याची मान, तिच्यावर पकडीसाठी बारीक चौकड्या कोरलेल्या असतात. नळीखालच्या लाकडावरही तशाच चौकड्या होत्या, त्यांवर मोजपट्टी ठेवून तू रेघा मोजल्यास, मग मानेवरच्या मोजल्यास. मानेवरच्या रेघा रुंद होत्या. कुणीतरी मागाहून कोरलेल्या. अंगठ्याच्या नखानं तू कडेची रोगणाची पुटं हलकेच खरवडलीस आणि खालून पितळेचा एक ठिपका चमकला. पलीकडं दुसरा. अक्रोडात शिसवीचा तुकडा बेमालूम बसवलेला होता.

"दस्ता मानेत मोडला होता," तू म्हणालास. "दोन तुकडे झाले होते. सुतार चांगला होता." दस्त्याच्या मागच्या टोकाशी चार खोल खड्डे लाखेनं भरलेले तुला सापडले. त्यावर तू बोटं ठेवून बघितलीस, दोन वर, दोन खाली. मग तू विचारलंस, "आबा, हा बंदुकीच्या नेहमीच्या वापरातला मार नाही. बंदूक उलटी धरून, नळीला धरून, दस्ता कुणीतरी जोरानं हाणलाय. काय झालं होतं?"

आबा म्हणाले, "पडली आसंल कवातरी."

"पडून अशी मोडत नाही."

मी मधे पडलो. मला आता राग यायला लागला होता. "किसन, तुला किंमत करायला बोलावलंय, पंचनामा करायला नाही."

तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. आबांशीच बोलत होतास, अगदी हळू, जसा कंपनीत एखाद्या म्हाताऱ्या कामगाराला त्याची चूक दाखवायचास. "जुळणारा बोल्ट कुणी उगाच टाकून देत नाही आबा. त्यातली पिन मोडली असणार. पिन मोडली की घोडा दाबून गोळी सुटत नाही. मग माणूस बंदूक उलटी धरतो."

आबा उठले. भिंतीला धरत धरत आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. आबा आले ते हातात एक तेलकट फडक्याचं गाठोडं घेऊन. ते त्यांनी तुझ्यापुढं ठेवलं आणि उभेच राहिले. तू सोडलंस. आत बोल्ट होता. भिंग न लावताच तू नंबर वाचलास. जुळत होता. तू त्यातली पिन ओढून काढलीस. तिचं टोक मोडलेलं होतं.

"गोळी सुटली न्हाई," आबा म्हणाले. "दोनदा दाबलं. न्हाई सुटली. ते माझ्या अंगावरच आलं. मी पडलो, बंदूक लांब उडाली. हाकाऱ्याची मान्सं पार खाली व्हती, डबे वाजवत. जवळ एकटा संभा व्हता. तुझा बाप."

तू मोडकी पिन तळहातावर ठेवलीस.

"त्यानं बंदूक उचलली, आन् घातली त्याच्या टाळक्यात. बिबट्यानं दस्ता तोंडात धरला. ह्यानं तो सोडवला, पुन्ना घातला. दस्ता मोडला तरी हानत व्हता. तवर ह्याचा हात फाडला व्हता त्यानं, कोपरापासून. मी बघत व्हतो. मला उठता येत नव्हतं. आसं न्हाई, उठता येत व्हतं. मी उठलो न्हाई."

तुझ्या वडलांचा उजवा हात वाळलेल्या फांदीसारखा होता, हे मलाही आठवत होतं. बैलगाडीखाली सापडला, असं गावात म्हणत. तुलाही तेच माहीत होतं. त्या हातानं त्यांना पुढं कुणी काम दिलं नाही आणि तुमचं घर कासारवाडीला आलं.

"मीच म्हणलो त्याला, बोलू नगं," आबा म्हणाले. "परवाना माझा. बंदूक दुसऱ्याच्या हाती गेली म्हणून परवाना जाईल, आसं सांगितलं. पर खरं तसं नव्हतं. मानसं वर येताना दिसली आन् मला लाज वाटली. तो म्हणला, बरं, आन् हात मुंडाशात गुंडाळून मागल्या वाटंनं खाली गेला; डब्यांच्या गलक्यात गोळी ऐकली का, ते कुनी इचारलं न्हाई. आन् मरस्तोवर बोलला न्हाई."

मला वाटलं, आता तू उठून जाशील. गेला असतास तर बरं झालं असतं, निदान मी तुझ्यामागं धावलो असतो. तू पिन बोल्टमध्ये परत घातलीस, फडकं बांधलंस, बंदुकीवर तेलाचा हात फिरवलास आणि मला म्हणालास, "मूळ बोल्ट आहे हे चांगलं झालं. शेठला दोन्ही बोल्ट दाखव. दस्त्याचा जोडही आधीच दाखव, त्यांनी शोधायच्या आत." आबांना म्हणालास, "पाणी द्या." मी आणायला उठलो, पण आबांनी हातानं मला थांबवलं आणि लोटीभांडं स्वतः आणलं. त्या घरात तुझ्या घराण्यातला माणूस आतल्या भांड्यानं पहिल्यांदा पाणी प्यायला. तेही कशानंतर, ते बघ.

खरं भांडण मात्र आपलं पुढं झालं.

शेठ आले. सभ्य माणूस, हातमोजे घालून बंदूक हाताळणारा. तू सांगितलेलं सगळं मी त्यांना दाखवलं. त्यांनी मान डोलावली, "तुमचे परीक्षक जाणकार आहेत," म्हणाले, आणि मोडलेल्या दस्त्यापायी किंमत निम्म्याहून खाली आणली. जाता जाता त्यांनी विचारलं, दस्ता मोडला कसा? मला राहवलं नाही. मी सांगितलं. त्यांचे डोळे चकाकले. म्हणाले, असं असेल तर हा जोड म्हणजे खोट नाही. ज्या बंदुकीनं हातघाईत बिबट्या मारला तिचे वेगळे शौकीन असतात. तुमच्या वडलांनी सगळी हकीकत, त्या माणसाच्या नावासकट, सही करून लिहून द्यावी. मग मी पहिलीच किंमत देतो.

मी उडत उडत तुझ्याकडं आलो. मला खरंच वाटत होतं की यात सगळं जुळून येतंय. तुझ्या वडलांचं नाव कागदावर येईल, लेथ येईल, आबांचं मन हलकं होईल. तू शेडच्या मोकळ्या जमिनीवर खडूनं मशीनची जागा आखत होतास. माझं सगळं ऐकून घेतलंस.

"गावात सांगितलंस?" तू विचारलंस.

"काय?"

"हेच. गावात कुणाला सांगितलंस?"

"नाही. आबांचं वय बघ की. उतारवयात त्यांचे धिंडवडे कशाला? कागद मुंबईला जाईल, इथं कुणाला कळणार नाही."

"म्हणजे इथं कळू नये, आणि तिथं भाव वाढावा म्हणून कळावं."

"तसं नाही रे."

"तसंच आहे, दत्ता. माझ्या बापानं चाळीस वर्षांपूर्वी काय केलं ते तुझ्या घरानं दाबून ठेवलं. आता त्याला बाजारात किंमत आली, तर सही करायला निघालात. मला ती किंमत नको. माझ्यापायी लेथ नाही आला तरी चालेल. बंदूक जशी आहे तशी वीक, जोड दाखवून. पण माझ्या बापाचं नाव तिच्याबरोबर विकायचं नाही. सांगायचं तर गावात सांग."

"आबा असेपर्यंत नाही सांगता येणार," मी म्हणालो.

"मग नको सांगू," तू म्हणालास आणि पुन्हा खडू ओढायला लागलास.

मी तेव्हा मनात म्हटलं होतं, की याला व्यवहार कळत नाही. आज लिहायलाही लाज वाटते. लेथवर माझ्याएवढाच तुझाही डोळा होता. तुझ्या घरी धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं. तरी तू तुझी बाजू सोडली नाहीस.

बंदूक कमी किमतीला गेली. तेवढ्या पैशांत जो आला तो लेथ एवढा जुना होता की तूच दोन महिने त्याच्या मागं लागलास. ज्यांवरून हत्यार सरकतं त्या मार्गिका घासून घासून सरळ केल्यास, गिअर बदललेस. कुणी विचारलं की पहिल्यांदा सांगायचास, "जुना आहे, अमुक भाग बदललाय, तमुक मूळचा आहे." गिऱ्हाइकांना गंमत वाटायची, पण त्याच बोलण्यावर काम मिळत गेलं. पुढं तू नोकरी सोडलीस, मीही सोडली. चाकणच्या रस्त्याला नवी कामं निघाली तेव्हा आपण दुसरं मशीन घेतलं. त्या भांडणानंतर दोनतीन महिने तू माझ्याशी कामापुरतं बोललास. मग एक दिवस डबा खाताना माझ्या डब्यातली लसणाची चटणी न विचारता घेतलीस, आणि मी समजलो. पण तो विषय तिथंच राहिला, आपल्या दोघांच्या मधे.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. तू गावी आलास, खांदा दिलास. मी तुझ्याकडं बघायचं टाळत होतो, कारण आता मला सबब उरली नव्हती. तरी मी गप्प बसलो. आधी वाटलं, तेरावा होऊ दे. मग वर्षश्राद्ध होऊ दे. मग चुलत्यांशी जमिनीची बोलणी चालली होती, त्यात हे कशाला काढा. एकदाच, गेल्या पावसाळ्यात, तू मशीन पुसता पुसता म्हणालास, "दत्ता, आईचं वय झालं आता." एवढंच. मी म्हणालो, "यंदाच्या जत्रेला सांगतो." जत्रा झाली. तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी भांडलो असतो आणि भांडून कदाचित सांगितलंही असतं. तू माझ्यावर सोडलंस.

आणि मग त्या सोमवारी तुझ्या छातीत दुखलं. पन्नाशी तर गाठली होतीस नुकती.

पुण्यानुमोदनानंतर चार दिवसांनी, दुपारी, मी तुझ्या घरी गेलो. आई दारात बसून शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "आई, एक सांगायचं राहिलंय." सगळं सांगितलं, बिबट्यापासून जत्रेपर्यंत. मधे स्टेशनात गाडी आली, तेवढा वेळ थांबलो आणि पुन्हा सुरू केलं. ती शेंगा फोडत राहिली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्याच दिशी सांगितलं व्हतं त्येंनी. मी हात बांधत व्हते तवा. म्हणले, पाटलाला सबूद दिलाय, पोराला सांगू नगं. मी न्हाई सांगितलं. मग किसन तुमच्याकडनं बंदूक बघून आला, त्या दिशी त्यानं इचारलं. मी म्हणलं, व्हय."

"मग तुम्ही इतकी वर्षं कुणालाच कसं बोलला नाहीत?"

"मी बोलून कोन खरं धरनार व्हतं?" ती म्हणाली. "तुमच्या घरातल्यानं बोलायचं व्हतं. किसन म्हणायचा, आई, दत्ता सांगंल. थांब जरा."

किसन, हे ती रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती मला शेंगदाणे देत म्हणाली.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले. "मला सांगून काय उपेग हाय? गावात सांग, जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावी गेलो. दुधाच्या गाडीसाठी पारापाशी माणसं जमतात, त्या वेळी. उभं राहून सांगितलं. बोलायचं ठरवून गेलो होतो ते सगळं विसरलो, जसं आलं तसं बोललो. धाकटे चुलते उसळले. "मेलेल्या बापाला खोटं पाडतूस व्हय रं?" मी म्हणालो, "खोटं नाही पाडत. आबांनीच सांगितलंय, माझ्यासमोर. किसनसमोर." ते कॅन उचलून चालते झाले. त्यांच्यामागं आणखी दोघं गेले. बाकीचे उभे राहिले. तुमच्या वस्तीतला एक म्हातारा लांब उभा राहून ऐकत होता, तो दोन पावलं जवळ आला.

शाळेचे मास्तर तिथंच होते. नवीन आहेत, उस्मानाबादकडचे. ते म्हणाले, "मीबी पोरांना तुमच्या वडलांचीच गोष्ट सांगतोय की हो. आता ही सांगावी लागेल." त्यांनी खिशातून वही काढली, पेन उघडलं. "त्यांचं पूर्ण नाव सांगा."

मी म्हणालो, "संभाजी." मग म्हणालो, "ओव्हाळ." मधलं नाव मला माहीत नव्हतं.

मास्तर पेन धरून थांबले. मी पारावरच्या माणसांकडं बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं, त्या म्हाताऱ्यालाही आठवेना. ज्या माणसामुळं माझे आबा जगले, ज्या माणसाच्या मुलाबरोबर मी एकोणीस वर्षं डबा खाल्ला, त्याला मी जन्मभर नुसतं संभा म्हणत आलो. मास्तरांना म्हणालो, "उद्या सांगतो."

तसाच सायकल काढून कासारवाडीला आलो. आई आत निजली होती. माझा आवाज ऐकून उठून बसली. मी कागद-पेन्सिल काढली आणि विचारलं.

"संभाजी धोंडिबा ओव्हाळ," ती म्हणाली.

मी लिहिलं. ती म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, पुन्हा वाच. मी मोठ्यानं पुन्हा वाचलं.

"बराबर हाय," ती म्हणाली.